कायमच्या गोळ्यांची चिठ्ठी गावात राहून नवी कशी करून घ्यावी?

कापूसकोंड्या (धागाकर्ता)

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, केळापूर तालुक्यात आहे. वडिलांना रक्तदाब आणि मधुमेह जुनाच आहे. दीड वर्षापूर्वी नागपूरला त्यांची अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसवला, आणि तेव्हापासून अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, मेटोप्रोलोल, टेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिन अशा गोळ्या रोज चालू आहेत. दर तीन महिन्यांनी दाखवायला या, असे तेथील डॉक्टरांनी सांगितले होते, परंतु शेवटचे दाखवून आता आठ महिने होत आले. नागपूरला जायचे म्हणजे एक धडधाकट माणूस आणि एक पूर्ण दिवस हवा, आणि कापूस वेचणीला आला की घरात दोन्ही नसतात.

बाजारच्या गावी दोन मेडिकल आहेत. एक जण रिकामी स्ट्रिप पाहूनच गोळ्या देतो. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे क्लोपिडोग्रेल नव्हती म्हणून दुसऱ्याकडे गेलो, तर त्यांनी चिठ्ठीची तारीख वाचली आणि ही जुनी झाली, नवी आणा, असे म्हणून परत पाठवले. त्या भानगडीत वडिलांच्या गोळ्यांना काही दिवस खंड पडला.

जाणकारांना विचारायचे ते असे की, चिठ्ठी किती दिवस चालते, ती जवळच्या सरकारी दवाखान्यातून नवी करून मिळते का, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली चिठ्ठी दुकानदाराने ग्राह्य धरावी का?

खलबत्ता

मी वर्धा जिल्ह्यातील एका बाजारगावात औषधाचे दुकान चालवतो, म्हणून दुसऱ्या दुकानदाराची बाजू आधी मांडतो. औषध नियम १९४५ मधील नियम ६५ हा आम्हाला लागू होणारा मुख्य नियम आहे. चिठ्ठीवर डॉक्टरांची सही व तारीख, रुग्णाचे नाव व पत्ता, औषधाची एकूण मात्रा आणि घ्यावयाचा डोस असावा, असे तो सांगतो. त्याच नियमात पुढे असे आहे की, डॉक्टरांनी पुन्हा द्यावे असे लिहिले नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचे, आणि किती वेळा किंवा किती अंतराने द्यायचे हे लिहिले असेल तर त्याबरहुकूम द्यायचे. म्हणजे प्रश्न चिठ्ठी किती महिन्यांची झाली एवढाच नसून तिच्यावर पुन्हा देण्याची सूचना आहे की नाही हा आहे.

माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक चिठ्ठ्यांवर औषधाचे नाव, १-०-१ आणि ‘चालू ठेवा’ इतकेच असते. किती दिवस चालू ठेवायचे ते नसते, एकूण किती गोळ्या द्यायच्या तेही नसते. म्हणून पुढच्या वेळी नागपूरला गेलात की डॉक्टरांकडून एक ओळ मागून घ्या: ‘ही औषधे दर महिन्याला, सहा महिन्यांपर्यंत द्यावीत.’ इंग्रजीत ‘रिपीट’ लिहून पुढे महिने लिहिले तरी चालते. एवढे असले की मी दर वेळी चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख टाकतो, आणि पुढच्या दुकानदाराला कोणत्या महिन्याच्या गोळ्या देऊन झाल्या ते एका नजरेत कळते. शिक्का आणि तारीख टाकणे हेही नियमातच आहे, पण फार थोडी दुकाने ते करतात.

आणखी एक विनंती. औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. चिठ्ठीवर एखाद्या कंपनीचे नाव असले तर त्याऐवजी त्याच घटकाचे दुसऱ्या कंपनीचे औषध स्वतःच्या मनाने देण्याची मुभा आम्हाला नाही. क्लोपिडोग्रेल ७५ असे साधे लिहिलेले असते, तर कदाचित तुम्हाला पहिल्याच दुकानात दुसऱ्या कंपनीची गोळी मिळाली असती.

धानतलाव

खलबत्ता यांनी नियम नेमका सांगितला, परंतु गर्दीच्या ओपीडीत तज्ज्ञ डॉक्टरांकडून ती ओळ लिहून घेणे किती जणांना जमते, ही शंका राहतेच. माझा अनुभव भंडारा जिल्ह्यातील असून आम्ही हा प्रश्न दुसऱ्या टोकाकडून सोडवला आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो देशव्यापी उपक्रम महाराष्ट्रात प्रथम चार जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात सिंधुदुर्ग आणि साताऱ्याबरोबर भंडारा आणि वर्धा हे आपले दोन जिल्हे होते. त्यात रुग्णाचे कार्ड निघते, गोळ्या महिन्याच्या हिशेबाने मिळतात, आणि गोळ्या घ्यायला गेले की सिस्टर प्रत्येक वेळी रक्तदाब मोजून कार्डावर लिहितात. आईला अ‍ॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन या दोन्ही गोळ्या उपकेंद्रातूनच मिळतात. गोळी घेणे आणि तपासणी एकाच खेपेत होत असल्यामुळे चिठ्ठी नवी करण्याचा वेगळा खटाटोप उरत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरचेही पैसे लागत नाहीत.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते. सरकारी पुरवठ्यातील गोळीचा रंग आणि आकार खेपेगणिक बदलतो. आमच्या शेजारच्या आजी मेडिकलमधून आणलेली टेल्मिसार्टन आणि उपकेंद्रातील टेल्मिसार्टन या दोन वेगळ्या गोळ्या समजून दोन्ही घेत होत्या, कारण एक पांढरी लांबट होती आणि दुसरी गुलाबी गोल. सकाळी खाटेवरून उठताना चक्कर येऊ लागली तेव्हा आशाताईंनी दोन्ही स्ट्रिपा समोर ठेवून नावे वाचली, आणि मग उलगडा झाला.

सेवानिवृत्त_वैअ

प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून माझी बहुतेक नोकरी चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत झाली. धागाकर्त्यांच्या वडिलांच्या यादीकडे पाहिले तर सर्व गोळ्या एका मापाने मोजता येणार नाहीत, हे आधी स्पष्ट करतो.

मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टन या गोळ्या आरोग्य केंद्रातील डॉक्टर निर्धास्तपणे पुढे चालू ठेवू शकतात. मात्र वर्षातून निदान एकदा रक्तातील क्रिएटिनिन आणि टेल्मिसार्टनसाठी पोटॅशियम पाहिले पाहिजे, कारण मूत्रपिंडाचे काम मंदावले तर मेटफॉर्मिनचा डोस कमी करावा लागतो किंवा ती बंद करावी लागते. मधुमेहात मूत्रपिंड हळूहळू बिघडते आणि रुग्णाला त्याची चाहूलही लागत नाही. मेटोप्रोलोल एकदम बंद करू नये, विशेषतः हृदयविकाराच्या रुग्णाने, कारण अचानक थांबवल्यास नाडी वाढते आणि छातीत दुखू लागण्याचा धोका असतो. गोळ्या संपल्या म्हणून पडलेला खंड हाही शरीराच्या दृष्टीने ‘अचानक थांबवणे’च असते.

क्लोपिडोग्रेलची गोष्ट याहून निराळी आहे. स्टेंट बसवल्यानंतर सुरुवातीच्या महिन्यांत ती मनाने बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीवावर बेतू शकते. परंतु अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही जोडी बहुतेक रुग्णांना आयुष्यभर द्यायची नसते. साधारणतः वर्षभरानंतर हृदयरोगतज्ज्ञ तिचा फेरविचार करतात आणि अनेकांना पुढे एकच गोळी ठेवतात, कारण दोन्ही मिळून जठरातून किंवा अन्यत्र रक्तस्राव होण्याचा धोका वाढवतात. आपल्या वडिलांना दीड वर्ष झाले आहे. तेव्हा जुनी चिठ्ठी तशीच पुढे ढकलण्याचा मार्ग शोधण्याआधी ही जोडी अजून हवी आहे का, हा प्रश्न नागपूरच्या डॉक्टरांना विचारायलाच हवा. रिकामी स्ट्रिप पाहून गोळी देणारे दुकान कितीही सोयीचे वाटले तरी हा प्रश्न तिथे कधीच विचारला जाणार नाही. उत्तर मिळेपर्यंत मात्र गोळी मनाने बंद करू नये.

व्हॉट्सअ‍ॅपविषयी. २५ मार्च २०२० रोजी दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याच्या मार्गदर्शक सूचना लागू झाल्या. त्यांनुसार डॉक्टर सही केलेल्या चिठ्ठीचे छायाचित्र संदेशातून पाठवू शकतात आणि तिच्यावर त्यांचा नोंदणी क्रमांक असावा लागतो. मात्र त्याच डॉक्टरांना त्याच आजारासाठी प्रत्यक्ष दाखवून सहा महिने उलटले नसतील तरच तो सल्ला पुनर्तपासणी म्हणून धरला जातो, एरवी तो पहिला सल्ला ठरतो आणि डॉक्टरांचे हात बरेच बांधले जातात. आपले आठ महिने झाले आहेत. यापुढे दर सहा महिन्यांच्या आत एकदा प्रत्यक्ष आणि मधल्या काळात फोनवर, अशी आखणी केली तर दोघांनाही सोपे जाईल.

कापूसकोंड्या

डॉक्टरसाहेब, क्लोपिडोग्रेलविषयी आपण लिहिले ते आमच्या कोणाच्याच डोक्यात नव्हते. आमचा सगळा प्रयत्न गोळी सुरू राहावी एवढाच होता. तोवर आमच्या उपकेंद्रात काय होऊ शकेल?

सेवानिवृत्त_वैअ

आपले उपकेंद्र आता आयुष्मान आरोग्य मंदिर झाले असेल तर तेथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात, ज्यांना गावात सीएचओ म्हणतात. त्या ई-संजीवनी या सरकारी दूरस्थ सल्ला सेवेवरून आपल्याला डॉक्टरांशी जोडून देऊ शकतात. जाताना मूळ डिस्चार्ज कार्ड, शेवटची चिठ्ठी आणि सध्या चालू असलेल्या सर्व गोळ्यांच्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्याव्यात, कारण पडद्यापलीकडच्या डॉक्टरांना नावे सांगण्यापेक्षा दाखवणे बरे. तज्ज्ञांकडून परत येताना ‘ही औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रातून चालू ठेवावीत’ असे पत्र आणले तर केंद्रातील डॉक्टरांचेही काम हलके होते.

कृपा करून डिस्चार्ज कार्डाचे लॅमिनेशन करू नका. काळजीपोटी लोक ते करतात, पण त्यावर मग कोणालाच काही लिहिता येत नाही आणि शिक्काही उमटत नाही. ईसीजीचा आणि मेडिकलच्या बिलाचा गुळगुळीत कागद मात्र उन्हाने व घामाने काही महिन्यांत कोरा पडतो, म्हणून त्याची झेरॉक्स काढून ठेवावी.

पर्लकोटा

भामरागडकडील माझे मत थोडे वेगळे आहे. वर दर महिन्याला गोळ्या घेण्याविषयी लिहिले आहे, पण पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी जाते आणि तालुक्याचा संपर्क तुटतो. एका पावसाळ्यात हे अनेकदा घडते. त्यामुळे मृग लागण्यापूर्वीच, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत, किमान दोन महिन्यांच्या गोळ्या घरात असाव्यात असा आमचा प्रयत्न असतो. चिठ्ठीवर तीस गोळ्या लिहिल्या असतील तर तीसच मिळतात, म्हणून पावसाळ्याआधीच्या भेटीत डॉक्टरांना साठ लिहायला सांगावे लागते. नदीपलीकडे राहतो हे सांगितल्यावर नाही म्हणणारे डॉक्टर मला अजून भेटलेले नाहीत.

माझ्या भाचीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे आणि ती हायड्रॉक्सीयुरिया घेते. या कॅप्सूलने दुखण्याचे झटके कमी होतात, परंतु पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली येऊ शकतात, म्हणून रक्त तपासल्याशिवाय पुढच्या कॅप्सूल देत नाहीत. हे योग्यच आहे, पण त्याचा अर्थ असा की तिच्या बाबतीत नुसती चिठ्ठी पुरत नाही, ताजा रिपोर्टही लागतो. रक्त एका दिवशी आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी असे झाले की मुक्काम पडतो. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी दोन गोष्टी करून घ्याव्यात. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा, आणि एसटीत सिकलसेल रुग्णांना प्रवासाची सवलत आहे तिची चौकशी आगारात करावी.

मिरगीच्या, म्हणजे फेफऱ्याच्या, गोळ्यांविषयीही एक वाक्य लिहितो. त्या अचानक थांबल्या तर झटका थांबता थांबत नाही असेही होऊ शकते. पुजाऱ्याकडे न्यायचे असेल तर न्या, पण गोळी चुकवू नका, असे आमच्याकडील आशाताई सांगतात, आणि या बोलण्यामुळे घरचे लोक त्यांचे ऐकतात.

वऱ्हाडी_माठ

इन्सुलिनचा विषय अजून आला नाही, म्हणून अकोल्याकडून लिहीत आहे. येथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारीच वीज जाते. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवायची असते. वापरात असलेली बाटली साध्या तापमानात सुमारे चार आठवडे टिकते, परंतु ‘साधे तापमान’ म्हणजे पत्र्याच्या घरातील मे महिना नव्हे. ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांनी एका मोठ्या माठात लहान मडके ठेवावे, मधल्या जागेत वाळू भरून ती ओली ठेवावी, बाटली डब्यात घालून आतल्या मडक्यात ठेवावी आणि वर ओले फडके टाकावे. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय चांगला चालतो. पावसाळी दमट हवेत तो तितका उपयोगी पडत नाही, पण तेव्हा उष्माही कमी असतो. फ्रिज असेल तर बाटली बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वाया गेलेलेच समजावे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे आणि ती नेमकी औषध नव्याने घेतानाच घडते. सरकारी दवाखान्यातील बाटली बहुधा ४० युनिटची असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, आणि तिच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. इन्सुलिनच्या पेनमध्ये बसणारी कार्ट्रिज १०० युनिटची असते, आणि १०० युनिटच्या सिरिंजचे टोपण नारिंगी असते. ४० च्या बाटलीतून नारिंगी टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत भरले तर प्रत्यक्षात ८ युनिटच जातात. याउलट १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत भरले तर ५० युनिट जातात आणि रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. दुकान बदलले, दवाखाना बदलला किंवा बाटलीऐवजी कार्ट्रिज मिळाली, तर बाटलीवरील आकडा आणि सिरिंजवरील आकडा एकच आहे ना, हे दिव्याखाली धरून वाचावे.

सावली

मानसिक आजाराच्या औषधांबाबत थोडक्यात लिहिते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ च्या कलम १८ प्रमाणे आवश्यक यादीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळाली पाहिजेत, म्हणजे आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयापासून. प्रत्यक्षात माझ्या भावाची एक गोळी आमच्या तालुक्याच्या ठिकाणी वारंवार संपलेली असते. तेव्हा शिल्लक नाही असे तोंडी ऐकून परत न येता केस पेपरवर तसे लिहून घेते, आणि तोच कागद जिल्हा रुग्णालयात दाखवते. मध्येच गोळ्या संपून घरात परिस्थिती बिघडली तर १४४१६ या टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या क्रमांकावर बोलता येते.

रेल्वे_फाटक

इतके सगळे वाचून असे वाटते की आपण साधी गोष्ट अवघड करत आहोत. ओळखीचा मेडिकलवाला असला की चिठ्ठी लागत नाही आणि पंधरा वर्षे आमचे असेच चालले आहे.

खलबत्ता

पंधरा वर्षांत एकच गोळी त्याच मात्रेत चालू आहे का, हे एकदा तपासून घ्या. मी स्वतः ओळखीच्या माणसाला रक्तदाबाच्या चार गोळ्या देऊन दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आणायला सांगतो, हे नाकारत नाही. पण अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, ट्रामाडोल यांसारखी औषधे एच-१ यादीत येतात. १ मार्च २०१४ पासून त्यांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते, तीत डॉक्टर, रुग्ण, औषध आणि मात्रा लिहावी लागते, आणि ती तीन वर्षे जपावी लागते. झोपेच्या गोळीसाठी ओळख काढणारे गिऱ्हाईक आले की आम्हाला नाही म्हणावेच लागते, आणि गावात राहून नाही म्हणणे किती जड जाते ते दुकानात बसल्यावर कळते.

खर्चाचा मुद्दा असेल तर तालुक्याच्या जनऔषधी केंद्रात मूळ नावाने औषध घ्यावे. महात्मा फुले योजनेतून दरमहाच्या गोळ्या मिळतील अशी अपेक्षा अनेक जण ठेवतात, परंतु ती योजना भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. जनऔषधी केंद्रातही प्रत्येक औषध प्रत्येक वेळी असतेच असे नाही, त्यामुळे आधी फोन करून जावे. सुटी गोळी घेताना स्ट्रिपचा ज्या टोकाला मुदत आणि बॅच क्रमांक छापलेला असतो ते टोक आपल्याकडे यावे, असा आग्रह धरावा.

कापूसकोंड्या

सर्वांचे आभार. वेचणीचा पहिला वेचा आटोपल्यावर वडिलांना उपकेंद्रात नेले. सीएचओ ताईंनी रक्तदाब आणि साखर पाहिली, ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलणे करून दिले, आणि मेटफॉर्मिन व टेल्मिसार्टन तेथूनच मिळू लागल्या. क्रिएटिनिन प्राथमिक आरोग्य केंद्रातून तपासून झाले, ते ठीक आहे. त्यानंतर नागपूरला प्रत्यक्ष दाखवले. डॉक्टरांनी क्लोपिडोग्रेल बंद केली, अ‍ॅस्पिरिन ठेवली, आणि चिठ्ठीवर सहा महिन्यांची ओळ लिहून दिली. ती मागताना मला संकोच वाटत होता, परंतु त्यांनी काही न विचारता लिहिली. मेटोप्रोलोलची दिवसातून एकदाच घ्यायची जी गोळी त्यांना चालते, ती आमच्या केंद्रात नाही, म्हणून ती आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिन विकत घेतो.

मिरचीतोड

उशिरा विचारत आहे. आमच्या भागातील बरीच माणसे उन्हाळ्याच्या तोंडावर मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि दोन-दोन महिने तिकडेच राहतात. आईला रक्तदाबाची गोळी आहे. येथील चिठ्ठी तिकडच्या दुकानात चालेल का?

खलबत्ता

चालेल. औषध नियम केंद्राचे असल्यामुळे ते दोन्ही राज्यांत सारखेच आहेत. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव आणि मात्रा इंग्रजी अक्षरांत सुवाच्य असावी, कारण मराठीत लिहिलेले तिकडे वाचता येणार नाही. तरीही निघण्यापूर्वी उपकेंद्रातून दोन महिन्यांच्या गोळ्या मागून पाहा, आणि ताईंना कार्डावर ‘स्थलांतर’ अशी नोंद करायला सांगा, म्हणजे मधल्या काळात आई गोळ्या न्यायला आल्या नाहीत म्हणून त्यांचे नाव उपचार सोडलेल्यांत धरले जाणार नाही.